मधली खुर्ची

४ मार्च, मंगळवार

वन्सं, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच बाजूला टाकाल, असं तुमचे दादा म्हणाले. टाका. कागद आहे, नासणार नाही. कधी वाटलं तर फोडा.

तुमच्या लेकीचा फोन आला होता. अगदी मोजकं बोलली. "मामी, आईने दवाखान्याविरुद्ध तक्रार दिली आहे. जूनमध्ये तुम्ही पहिल्यांदा दाखवायला गेलात, तेव्हा डॉक्टर नक्की काय म्हणाले ते आईला हवंय. तू लिहून पाठव. त्यांची भाषा तुलाच कळत होती." बस. मामा कसा आहे, तू कशी आहेस, काही नाही. हीच पोरगी गावी असताना माझ्या हातचा घास असल्याशिवाय तोंड उघडत नसे. असो. आता तुम्ही तिच्या घरी आहात, ती तुमची आंघोळ, तुमची औषधं बघते, हे देवाचे उपकार.

तर लिहिते. त्या दिवशी दवाखान्यात फार गर्दी होती. आपला नंबर चौतीस होता आणि काचेमागच्या बाईने तुमचं तात्पुरतं कार्ड तीनदा उलटसुलट करून पाहिलं होतं. आत आपल्याला दहा मिनिटं मिळाली असतील. डॉक्टर म्हणाले, कामामुळे आहे, लाँड्रीत वजन उचलता म्हणून दुखतं, गोळ्या घ्या, विश्रांती घ्या. मी तेव्हा तुम्हाला जे सांगितलं तेच. याहून जास्त मला आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, वहिनींना बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या मिठाच्या पुडीचा भाव आठवतो, आणि हे आठवत नाही? वय झालं, वन्सं.

इकडचं सगळं ठीक. तुमच्या दादांचा गुडघा पुन्हा धरला आहे. गोदामात त्यांना आता बसून खोकी चिकटवायचं काम दिलंय. तुम्ही खिडकीत ठेवलेल्या कोरफडीला तीन नवी पानं फुटली. तुमची गादी मी दर रविवारी उन्हात टाकते, परत अंथरते. रोज दिवा लावल्यावर तुमच्या नावाने एकशे आठ वेळा जप करते, आणि एकदाही चुकवलेला नाही. कोमट पाणी पीत जा. डोकं झाकत जा, गारठा बाधतो.

दवाखान्याचं मलाही पत्र आलं आहे. चौकशी आहे म्हणे. सव्वीस तारखेला जबानीला बोलावलंय. तुमच्याबरोबर मी होते अशी त्यांच्याकडे नोंद आहे.

तुमची वहिनी


१२ मार्च, बुधवार

वन्सं,

मागच्या पत्राला उत्तर नाही, ते अपेक्षितच होतं. हे पत्र मी तुमच्या उत्तराची वाट पाहून लिहीत नाही. काल जे झालं त्यानंतर स्वस्थ बसवेना म्हणून लिहिते.

काल रेडिओकाकूंना घेऊन दवाखान्यात गेले होते. त्यांच्या डोळ्यांचं. डोळ्यांनी दिसत नाही तरी साऱ्या चाळीत कुणाकडे काय शिजतंय ते त्यांना दिसतं, हे तुमचंच वाक्य. वाटेत बसमध्ये त्यांनी मला तुमच्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. त्या म्हणाल्या, "डॉक्टर मेला कसाई. बाईला म्हणाला काही नाही, आणि निघालं ते हे!" अख्ख्या चाळीत हेच चाललंय, वन्सं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दवाखान्यात खोली नंबर सातच्या दारावरची पाटी काढली आहे. तिथे आता दुसऱ्याच बाई बसतात. आपल्या त्या तरुण डॉक्टरांचं काम चौकशी संपेपर्यंत बंद आहे. आणि चष्मेवाली नर्स, आठवते ना? तुम्हाला बघून हसली होती, तुम्ही मला म्हणाला होता, "हिचे दात आमच्या धाकट्या मावशीसारखे आहेत." तिला त्यांनी तळघरात फाइली लावायला बसवलं आहे. ती मला जिन्यात भेटली. हातात धुळकट फाइलींचा ढीग. मला ओळखलं. थांबली.

मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "तुमच्या नणंदबाई कशा आहेत?"

मी म्हटलं, उपचार चालू आहेत.

ती म्हणाली, "मी त्या दिवशी विचारलं होतं ना तुम्हाला? मी रोज आठवून बघते. विचारलं होतं असं मला वाटतं. आता माझाच माझ्यावर विश्वास राहिलेला नाही."

मी काय उत्तर दिलं सांगू? म्हटलं, "मला काकूंना वर न्यायचंय, उशीर होतोय." आणि जिना चढले.

वन्सं, तिने विचारलं होतं.

आता लिहायला घेतलंच आहे तर पुढचंही लिहिते. बसस्टॉपवर, कुणी नाही असं बघून, डॉक्टरांना काय सांगायचं ते तुम्ही मला सांगितलं होतं, ते मला पक्कं आठवतं. त्याच्या आदल्या रविवारी न्हाणीघरात माझा हात धरून तुम्ही तो तिथे ठेवला होता. "वहिनी, बघा बरं, हे काय आहे." हरभऱ्याएवढं लागलं होतं हाताला. मी हात असा काढून घेतला जसा काही चटका बसला. तुम्ही हसलात. "अहो, तुमचंच माणूस आहे, विंचू नाही."

आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे. तुम्ही माझ्याकडे बघून स्वच्छ सांगितलंत, काहीही आडपडदा न ठेवता. मी डॉक्टरांना सांगितलं, हिचा खांदा दुखतो.

परपुरुष, वयाने आपल्या मुलासारखा, आणि मी त्याच्यासमोर तो शब्द उच्चारायचा? माझी जीभ वळली नाही. वाटलं, खांदा म्हटलं तर तपासताना त्यांचं त्यांनाच सापडेल. खांद्यापासून ते काही फार लांब नाही. असं मी मनाशी म्हटलं. देवाशप्पथ हेच म्हटलं.

हे तुमच्या दादांनाही माहीत नाही.

वहिनी


१९ मार्च, बुधवार

वन्सं,

मागच्या पत्रात मी लाजेवर सगळं ढकललं. लाज ही बाईला शोभणारी गोष्ट आहे, म्हणून तिच्या आड लपणं सोपं जातं. आठ दिवस दिव्यासमोर बसते आणि जपाची माळ हातात अडकते. आकडा चुकतो. पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा आता उरलेलं लिहून टाकते.

त्या दिवशी काचेच्या खिडकीशी जो फॉर्म मी भरला, त्यात शेवटी एक चौकोन होता: दुभाषी हवा का? हो, नको. मी "नको"वर खूण केली. तुम्ही विचारलंत, "हे काय विचारतायत?" मी म्हटलं, काही नाही, पत्ता विचारतायत.

कारण होतं. दुभाषी मागितला की तीन आठवडे पुढची तारीख. तुमच्या कार्डावर फक्त तातडीचे उपचार. नव्याने आलेल्यांची ही एक तपासणी मिळायलाच चार महिने थांबलो होतो, आणि तारीख सोडली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. हे कारण खरं आहे. पण सगळं कारण हे नव्हे. मला राग आला होता. दुभाषी कशाला? मी आहे ना. चाळीतल्या चाळीस जणांना मी त्या दवाखान्यात नेलं आहे. शिंपीणबाईचं बाळंतपण, रेडिओकाकूंचे डोळे, सगळ्यांच्या कागदांवर माझं अक्षर. मला वकीलीणबाई म्हणतात ते मी वरवर हसण्यावारी नेते, पण आतून मला ते गोड लागतं. तुम्ही एकदा म्हणाला होता, "वहिनी, तुम्ही देवालाही अर्ज भरून देत असाल. खाली सही त्याची." तेव्हा मी दोन दिवस फुगून बसले होते. कारण खरं होतं ते.

डॉक्टरांच्या खोलीत तीन खुर्च्या असतात. एक त्यांची, एक आजाऱ्याची, आणि टेबलाच्या कोपऱ्याला मधे एक, बरोबर आलेल्याची. ती माझी खुर्ची. मॅट्रिकला गावात पहिली आलेली मी, पुढे कुणी शिकवलं नाही, लग्न झालं, युद्ध आलं, घर गेलं, आणि परक्या मुलखात येऊन मला काय मिळालं असेल तर ती खुर्ची. ती मी दुसऱ्या कुणाला देणार होते?

आता त्याहून वाईट.

त्याच्या आठवडाभर आधी रेडिओकाकूंनी मला सांगितलं होतं की ज्यांचा इथे कायमचं राहायचा कागद व्हायचाय त्यांच्या घरात मोठं दुखणं निघालं तर कागद अडकतो. सरकार म्हणतं, ही माणसं खर्चाची. आमचा अर्ज बारा वर्षांनी शेवटच्या टेबलावर पोचला होता. आणि तुमचे हमीदार म्हणून तुमच्या दादांचं नाव, पत्ता आमचा. न्हाणीघरात माझा हात तिथे पडला, तेव्हा सगळ्यात आधी मला तुमची आठवण झाली नाही, वन्सं. त्या फाइलीची झाली.

म्हणून मी फक्त खांदा म्हटलं नाही. तुम्ही वाट बघत होतात, डोळे माझ्यावर. मग मी तुमच्याकडे वळून म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, काही नाही. कामामुळे गाठी येतात. गोळ्या घ्या." हे डॉक्टर म्हणालेच नव्हते. गाठ हा शब्दच त्यांच्या कानावर कधी गेला नव्हता. त्यांच्या तोंडी मी माझं वाक्य घातलं. आणि तुम्ही किती मोकळा श्वास सोडलात! जाताना त्यांना दोन्ही हातांनी नमस्कार केलात.

सप्टेंबरात तुम्ही परत म्हणालात, "वाढलीय हो." मी म्हटलं, एवढा शिकलेला डॉक्टर, त्याने सांगितलंय ना. डिसेंबरात तुम्ही लाँड्रीत इस्त्रीच्या यंत्राशेजारी कोसळलात, तुमच्या मुकादमबाईने गाडी बोलावली, आणि तुमच्या लेकीने फोनवरून त्या दुसऱ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. सगळं, एका वाक्यात. तिला काही जड गेलं नाही.

परवा जेवणं झाल्यावर मी तुमच्या दादांना हे सांगितलं. ते बराच वेळ ताटात बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "कुणाकुणाला सांगितलंस?"

मी म्हटलं, वन्संना लिहिलंय. आता जबानीत सांगणार.

"काही सांगायचं नाही. आठवत नाही म्हण."

"अहो, त्या डॉक्टरांची नोकरी जाईल. ती नर्स तळघरात बसलीय."

"त्याला दुसरी नोकरी मिळेल," ते म्हणाले, "आपल्याला दुसरा देश मिळणार नाही."

मग उठून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू ठेवला. एरवी मी ओरडले असते, पाणी वाया जातंय म्हणून. आतून ते म्हणाले, "माझी बहीण आहे गं ती." एवढंच. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

हे पत्र टाकायला जाते आहे. टाकून झालं की मागे घेता येत नाही, हे एक बरं आहे.

वहिनी


२७ मार्च, गुरुवार

वन्सं,

काल जाऊन आले.

खोली मोठी होती, लांब टेबल. एका बाजूला ते डॉक्टर आणि नर्स, दुसऱ्या बाजूला चौकशीच्या बाई, पांढरे केस, समोर पाण्याचा पेला. टेबलाच्या कोपऱ्याला एक खुर्ची रिकामी. सवयीने मी तिकडेच वळले. बाई म्हणाल्या, "ती नाही. तुम्ही इथे, माझ्यासमोर." त्या खुर्चीपुढे एक लहानसा टीव्हीसारखा पडदा उभा केला होता. पडद्यात एक मुलगी, कानाला यंत्र लावलेली. आपली भाषा बोलणारी, पण आपल्या गावाकडची नव्हे, कुठेतरी दूर बसलेली.

मी बाईंना त्यांच्याच भाषेत म्हटलं, मला दुभाषी नको, मला येतं. त्या म्हणाल्या, "नियम आहे. जबानी स्वतःच्या भाषेत द्यायची." माझ्या तोंडावर आलं होतं की हा नियम जूनमध्ये कुठे झोपला होता. पण कुठल्या तोंडाने बोलणार? चौकोनावर खूण माझी होती, आणि तो फॉर्म त्यांच्यापुढे पडलाच होता.

मी सुरुवात केली. म्हटलं, माझ्या नणंदेला जरा त्रास होता. इथे. आणि हात असाच हलवला, हवेत.

पडद्यातली मुलगी म्हणाली, "मावशी, इथे म्हणजे कुठे? खूण मला पोचवता येत नाही. शब्द सांगा."

मी म्हटलं, अंगावर.

"अंगावर कुठे?"

डॉक्टर मान खाली घालून बसले होते. नर्स माझ्याकडे बघत होती. भिंतीवरचं घड्याळ एवढ्या मोठ्याने वाजत होतं! मी देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "स्तनात. उजव्या. गाठ होती. ती मला माहीत होती आणि मी डॉक्टरांना सांगितली नाही."

मुलीने ते जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आवाज चढवला नाही, पाडला नाही. मग पुढचं. मी म्हटलं, मी खोटं बोलले. तिने सांगितलं. मी म्हटलं, मी डॉक्टरांच्या नावावर माझं वाक्य खपवलं. तिने तेही सांगितलं. मला वाटत होतं, बाई गं, जरा सावरून सांग, एखादा "घाबरून" घाल, एखादं "बिचारी" घाल. मी चाळीस जणांसाठी किती वेळा असं केलं असेल! तिने काही घातलं नाही. माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून परत ऐकलं तेव्हा मला कळलं मी काय केलंय. त्याआधी तीन पत्रं लिहूनही नीट कळलं नव्हतं.

शेवटी बाईंनी विचारलं, भीती कसली होती. मी कागदाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "आजाराचा आणि कायमच्या कागदाचा काही संबंध नाही. कधीच नव्हता." मी म्हटलं, आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही कुणाला विचारलंत का?" रेडिओकाकूंना विचारलं होतं, हे काही मला सांगता आलं नाही.

डॉक्टरांना बोलायची परवानगी मिळाली. मला वाटलं, आता सूड घेतील, आणि तो त्यांचा हक्क होता. ते म्हणाले, "मी दहा मिनिटं या बाईंकडेच बघत होतो. आजारी बाईंकडे नाही. त्यांच्याकडे एकदा जरी नीट बघितलं असतं, तर खांदा दुखणारी बाई हात कुठे ठेवते ते दिसलं असतं." त्यांचा आवाज दाटला होता. मुलीने शब्द सांगितले. आवाज मला न सांगता कळला.

त्या दोघांना परत कामावर घेणार आहेत असं ऐकते. माझ्यावर काही कारवाई नाही. फक्त दवाखान्यात यापुढे मी कुणासाठीही त्या खुर्चीवर बसायचं नाही.

आज सकाळी शिंपीणबाई दारातच उभी राहून म्हणाली, "वकीलीणबाई, उद्याचं राहू द्या हं. मी दुभाषी मागितलाय. तीन आठवडे लागतील, पण लागू देत." आत आली नाही. हातात मी शिवायला दिलेलं पोलकं होतं, तेही उंबऱ्यावर ठेवून गेली.

तुमचे दादा बोलले आज. म्हणाले, "मीठ दे."

वहिनी


१० एप्रिल, गुरुवार

वन्सं,

तुमचं पाकीट मिळालं. तुमचं अक्षर बघून आधी हात धुतले, मग फोडलं. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तीन ओळी. माझ्यासारखी कागदाची काटकसर तुम्ही कधीपासून शिकलात? डाव्या हाताने लिहिलंय का? उजवा सुजला असेल. वेलांट्या सगळ्या घसरल्यात.

"वहिनी, पत्रं सगळी फोडली. तुमचं काय चुकलं, तुम्हाला काय वाटलं, ते वाचून झालं. पण मी विचारलं होतं ते अजून कुणी सांगितलं नाही. डॉक्टर काय म्हणाले?"

हे वाचून मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. चार पत्रं लिहिली, वन्सं, पानंच्या पानं. सगळ्यात मी. माझी लाज, माझी खुर्ची, माझी फाइल. तुम्ही एकच गोष्ट मागितली होती, ती मी जूनमध्येही दिली नाही आणि मार्चमध्येही नाही. तुमच्याशी बोललेलं एक अख्खं बोलणं माझ्याजवळ गेले दहा महिने पडून आहे. ते तुमचं आहे.

मला आठवत नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. शब्दन् शब्द आठवतो. आता मी मधलं काही गाळत नाही, माझं काही घालत नाही. हे घ्या.

आपण आत गेल्यावर डॉक्टर उभे राहिले आणि तुमच्याकडे बघून म्हणाले, "या, बसा. खूप वेळ थांबावं लागलं तुम्हाला, माफ करा."

मी हे सांगितलं नव्हतं. वाटलं, नुसती रीत आहे.

मग म्हणाले, "काय त्रास होतो?" ते तुम्ही सांगितलंत, स्वच्छ. त्यांना मिळाला तो माझा खांदा.

ते म्हणाले, "किती दिवसांपासून? रात्री झोपमोड होते का?" मी तुम्हाला न विचारताच सांगितलं, महिनाभर, नाही.

ते म्हणाले, "काम कसलं करता?" मी लाँड्रीचं सांगितलं. ते हसून म्हणाले, "माझी आईही लाँड्रीत होती. चादरी ओल्या असल्या की किती जड होतात ते मला माहीत आहे." तुम्हाला हे फार आवडलं असतं. तुम्ही त्यांना लगेच विचारलं असतंत, इस्त्रीवर का घडीवर.

मग नर्स पुढे आली. पडद्याकडे हात करून म्हणाली, "यांना एकदा नीट तपासून घेऊ या का? डॉक्टर बाहेर थांबतील. फक्त मी असेन. बाईच बाईला बघेल, घाबरायचं काही नाही." मी तिला म्हटलं, आमच्यात असं चालत नाही. वन्सं, कुणात चालत नाही? मी कुणाला विचारलं होतं? तुम्ही तर पडदा बघून पदराची पिन काढायला हात नेला होता. मी तुमचा हात धरून खाली घेतला. तुम्हाला वाटलं असेल, मी धीर देते आहे.

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, त्यांची इच्छा." ती तुमची इच्छा नव्हती. "खांद्यासाठी गोळ्या देतो. पण अंगावर कुठेही गाठ, सूज, काही वेगळं हाताला लागलं, तर तारखेची वाट बघू नका. सरळ या. माझं नाव सांगा. तात्पुरतं कार्ड असलं तरी अशा गोष्टीसाठी थांबवत नाहीत, मी खाली सांगून ठेवतो."

हे ते म्हणाले होते. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले. मला कळलं होतं.

याच वाक्याच्या जागी मी तुम्हाला सांगितलं, काही नाही, कामामुळे गाठी येतात.

यापुढे आणखी एक वाक्य आहे. तुम्ही नमस्कार करून उठलात, दारापर्यंत गेलात, तेव्हा त्यांनी मागून विचारलं. मी घाईघाईने "नाही नाही" म्हणून दार लावून घेतलं. तुम्ही जिन्यात मला म्हणालात, "शेवटी काय म्हणाले हो ते?" मी म्हटलं, सावकाश जा म्हणाले.

ते असं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "त्यांना विचारा, त्यांना स्वतःला मला काही सांगायचंय का? मला वेळ आहे."